डिशवॉशर उघडण्यापूर्वी पाणी, निचरा आणि वीज तपासा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळच्या बहुमजली इमारतीत तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहता आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेला डिशवॉशर ड्राय बाल्कनीत बसवलेला आहे. मार्चपासून काचेच्या पेल्यांवर पांढरी झाक दिसू लागली आहे, रात्री लावलेले यंत्र कधीकधी नळाचे चिन्ह दाखवून मध्येच थांबते, आणि सकाळी दार उघडल्यावर तळाशी पाणी साचलेले आढळते. पाहणीसाठी आलेल्या मिस्त्रीने यंत्राचा एकही स्क्रू न काढता सर्किट बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला आहे आणि त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत ही यंत्रे बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. तुम्ही सांगितलेल्या तीनही तक्रारींचे मूळ यंत्राच्या बाहेर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आपल्या भागात डिशवॉशर ‘बिघडतो’ तेव्हा बहुतेक वेळा पाण्याचा दाब, पाण्याचा जडपणा (कठीणपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), सांडपाण्याचा पाईप किंवा विजेची जोडणी यांपैकी काहीतरी चुकलेले असते. बोर्ड खराब होतच नाही असे नाही. परंतु बोर्ड गेला की पॅनेल पूर्ण बंद पडते, बटणे दाबूनही दिवे मनमानी लागतात किंवा पंप बंद व्हायचे नावच घेत नाही. केवळ काही रात्री नळाचे चिन्ह दाखवणे आणि इतर वेळी व्यवस्थित चालणे, हे बोर्डाचे लक्षण नव्हे.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी यंत्राचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला असण्याची शक्यता असते आणि मग स्विच बंद असूनही यंत्रात वीज राहते. त्यानंतर यंत्राचा नळ, म्हणजे प्लंबर ज्याला अँगल कॉक म्हणतात तो, बंद करावा. तळाच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि पंपाच्या खोबणीत काचेचे तुकडे सापडतात, म्हणून जाड रबरी हातमोजे घालावेत. दाराचे कुलूप चुकवून दार उघडे ठेवून यंत्र चालवून पाहण्याचा प्रयोग काही हौशी मंडळी करतात. तो अजिबात करू नये.

आता नळाच्या चिन्हाकडे वळू. ठरलेल्या वेळात पुरेसे पाणी आत आले नाही की यंत्र हे चिन्ह किंवा त्याचा संकेत दाखवते. एलजीच्या यंत्रांवर यासाठी ‘आयई’ अशी अक्षरे येतात. बहुतेक यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो आणि जास्तीत जास्त 10 बार दाब चालतो. साधारण 10 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभामुळे 1 बार दाब तयार होतो. याचा अर्थ, गच्चीवरच्या टाकीचा तळ तुमच्या स्वयंपाकघरातील नळापेक्षा तीन-चार मीटरच उंच असेल, तर तुम्हाला जेमतेम 0.3 ते 0.4 बार दाब मिळतो, आणि पाईपमधील वळणे व गंजलेले व्हॉल्व्ह त्यातलाही काही भाग खाऊन टाकतात. म्हणूनच उंच इमारतींमध्ये वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी बूस्टर पंप बसवलेला असतो. काही सोसायट्यांमध्ये आवाजाच्या तक्रारीमुळे किंवा विजेची बचत म्हणून तो रात्री बंद करतात, आणि नेमकी तीच वेळ आपण डिशवॉशर लावण्यासाठी निवडतो. तुमचे यंत्र दिवसा नीट चालते आणि रात्री थांबते, असे दिसत असेल तर सर्वांत आधी सुरक्षारक्षकाला किंवा व्यवस्थापकाला बूस्टरची वेळ विचारा.

दाबमापक नसला तरी बादलीने अंदाज घेता येतो. अँगल कॉकवरून यंत्राचा पाईप सोडवून त्या कॉकचेच पाणी बादलीत धरावे आणि मिनिटभरात किती लिटर भरते ते मोजावे. मिनिटाला 10 लिटरच्या आसपास पाणी मिळाले तर पुरवठ्याबद्दल शंका घेण्याचे कारण राहत नाही. पाच-सहा लिटरच्या खाली प्रमाण गेले तर दोष यंत्राबाहेर शोधावा. ही चाचणी दिवसा एकदा आणि ज्या वेळी यंत्र थांबते त्या वेळी एकदा, अशी दोनदा करावी, कारण एका वेळची चाचणी इथे फसवी ठरते. बाजूच्या सिंकच्या नळावरून अंदाज बांधू नये. त्या नळाला पाणी जोरात येत असूनही यंत्राचा अँगल कॉक आतून क्षाराने बुजलेला असू शकतो.

पाईप सोडवलाच आहे तर त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही पाहून घ्यावी. महापालिकेच्या शटडाउननंतर पहिले पाणी गढूळ येते, सोसायटीच्या टाक्या धुतल्यानंतर तळाचा गाळ पाईपमध्ये उतरतो, आणि टँकरच्या पाण्यात बारीक रेती असते. हे सगळे त्या जाळीवर येऊन बसते. जाळी चिमट्याने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने घासावी आणि वॉशर पुन्हा सरळ बसवून आटा हातानेच घट्ट करावा. या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते, कारण पाणी अडवण्याचे काम आतील रबरी वॉशर करतो. अनेक यंत्रांच्या पाईपच्या टोकाला मोठा प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात गळती झाल्यास पाणी तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, म्हणून तो पाण्यात बुडवून धुऊ नये आणि तो पाईप कापून लांब-आखूडही करू नये.

बादलीची चाचणी दोन्ही वेळा समाधानकारक आली, जाळी स्वच्छ आहे, आणि तरीही नळाचे चिन्ह येत असेल, तर ड्राय बाल्कनीतल्या सांडपाण्याच्या पाईपकडे पाहावे. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हा दोष इतका सर्रास आढळतो की मी तो सर्वांत आधी पाहतो. डिशवॉशरचा निचरा पाईप थेट जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये खुपसून ठेवलेला असतो. अशा वेळी यंत्राने एकदा पाणी बाहेर फेकले की पाईप पूर्ण भरतो, आणि त्याचे टोक यंत्रातील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे पुढच्या टप्प्यात घेतलेले स्वच्छ पाणीही आपोआप ओढले जाऊन गटारात जाते. यंत्र भरत राहते, पाणी वाहत राहते, आणि शेवटी ते ‘पाणी येत नाही’ अशी तक्रार करते. याची खात्री करणे सोपे आहे: यंत्र पाणी घेत असतानाच ट्रॅपमध्ये पाणी पडण्याचा आवाज येत असेल, तर निदान झाले असे समजावे.

उपायाला खर्च जवळपास येत नाही. निचरा पाईप यंत्राच्या मागून आधी वर न्यावा, जमिनीपासून किमान 50 सेंटीमीटर उंचीवर भिंतीला क्लॅम्पने बांधावा आणि मग खाली आणावा. त्याचे टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडू देऊ नये. टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवावी. कमाल उंचीची मर्यादा प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती बहुधा एक मीटरच्या आसपास असते. त्याहून वर पाईप नेला तर निचरा पंपाला पाणी चढवता येत नाही. पाईप वाढवण्यासाठी बागेच्या नळीचा तुकडा जोडण्याची युक्तीही टाळावी, कारण सांध्याजवळ तेल आणि कण साचून काही महिन्यांत तिथेच तुंबते.

तळाशी साचलेल्या पाण्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. यंत्र मध्येच थांबले की धुण्याचे पाणी तळाशीच राहते, कारण निचऱ्याचा टप्पा आलेलाच नसतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत हे पाणी बहुधा स्वतंत्र बिघाड नसून अडलेल्या कामाचा परिणाम आहे. खात्री करण्यासाठी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे यंत्र रिसेट करावे. बहुतेक यंत्रे रिसेटनंतर मिनिटभर पंप चालवून पाणी काढून टाकतात. पाणी निघून गेले तर पंप ठीक आहे. फिल्टरच्या खाली खळग्यात थोडे स्वच्छ पाणी नेहमीच राहते, ते काढण्याचा प्रयत्न करू नये.

रिसेट करूनही पाणी निघाले नाही, किंवा बॉशच्या यंत्रावर ‘ई-24’ अथवा ‘ई-25’, एलजीवर ‘ओई’ असा संकेत आला, तर निचरा अडला आहे. प्लग काढून पाणी मगने आणि स्पंजने उपसावे, खालची टोपली बाहेर काढावी, दंडगोल फिल्टर फिरवून उचलावा आणि त्याखालची सपाट जाळीही काढावी. खळग्याच्या एका बाजूला पंपाचे प्लॅस्टिकचे झाकण दिसते. काही यंत्रांत ते चमच्याच्या टोकाने उचकटून निघते, काहींत एक स्क्रू असतो. त्यामागे लहान पंखा असतो. तो बोटाने फिरवून पाहिल्यास सलग न फिरता टप्प्याटप्प्याने अडखळत फिरतो. आतील चुंबकामुळे तसे होते आणि त्यात काही बिघाड नाही. लिंबाची बी, फुटलेल्या पेल्याची कपची, माशाचा काटा, नव्या डब्यावरून सुटलेले कंपनीचे लेबल आणि दात कोरण्याची काडी, या नेहमी सापडणाऱ्या वस्तू. त्या काढून झाकण ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावे. झाकण अर्धवट बसले तर पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही, आणि मग पंप बदलण्याचा खर्च विनाकारण होतो. हे सर्व करूनही पाणी अडलेलेच राहिले तर निचरा पाईप सोडवून त्यात फुंकर मारून पाहावी. सिंकखालच्या सांध्याला पाईप जोडलेला असेल, तर तिथे प्लंबरने फोडायचा राहून गेलेला प्लॅस्टिकचा पडदाही मला नव्या जोडण्यांमध्ये आढळला आहे.

‘ई-15’ किंवा त्यासारखा गळतीचा संकेत वेगळा. यंत्राच्या तळाच्या पत्र्यात पाणी जमले की तिथला फोमचा तरंगता तुकडा वर उचलला जातो आणि यंत्र सुरक्षिततेसाठी पाणी घेणे बंद करून पंप चालू ठेवते. यंत्र तिरके करून तळाचे पाणी सांडून देण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो आणि त्याने संकेत जातोही, पण पाणी तिथे कसे पोहोचले हे शोधले नाही तर तो पुन्हा येणारच. घरगुती कारणांपैकी सर्वांत मोठे कारण फेस आहे: डिशवॉशरची पावडर संपली म्हणून भांडी घासण्याचे जेल वापरले, किंवा जेलने घासलेली भांडी न विसळता आत ठेवली, की फेस दाराच्या खालच्या कडेतून तळात उतरतो. अशा वेळी आत दोन मोठे चमचे मीठ शिंपडल्यास फेस बसतो. मग पाणी काढून यंत्र एकदा रिकामे चालवावे. फेस नसतानाही तळ ओला होत असेल तर दाराचे रबर, पाईपचे क्लॅम्प आणि मुख्य पंपाचे सील पाहावे लागते, आणि ते काम मिस्त्रीचे आहे.

पेल्यांवरच्या पांढऱ्या झाकेबद्दल मात्र जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथे आपल्या शहरांची परिस्थिती पुस्तिकांमध्ये गृहीत धरलेल्या परिस्थितीपेक्षा वेगळी आहे. ठाण्याला भातसा नदीवरील महापालिकेच्या योजनेतून, तसेच स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी मिळते. नवी मुंबईला प्रामुख्याने मोरबे धरणातून मिळते. हे सर्व पावसाने भरणाऱ्या धरणांचे आणि नद्यांचे पाणी असल्यामुळे सौम्य असते. परंतु घोडबंदर पट्ट्यातील अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर आणि बोअरवेलवर अवलंबून असतात, आणि त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार कितीतरी जास्त असू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे 2012 च्या आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत सूट दिलेली आहे. म्हणजे एकाच घरात जुलैमध्ये एक पाणी आणि एप्रिलमध्ये निराळेच पाणी येते, आणि यंत्राची सेटिंग मात्र बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी ठरवली तीच राहते. तुमची तक्रार मार्चपासून सुरू झाली, हा मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो.

यंत्राच्या तळाशी एक सॉफ्टनर असतो. त्यातील रेझिनचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात व त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे पाणी त्यांच्यावरून फिरवून त्यांना पुन्हा कामाला लावले जाते. हे किती वेळा करायचे, ते यंत्र सेटिंगवरून ठरवते. म्हणून मीठ भरलेले असूनही सेटिंग खालची असेल तर झाक येते. पाण्याचा कठीणपणा मोजण्यासाठी कागदी पट्ट्या मिळतात, काही यंत्रांसोबत त्या दिलेल्याही असतात. पट्टीवरील आकडा मिलिग्रॅममध्ये असेल तर त्याला 17.8 ने भागावे, म्हणजे पुस्तिकेत वापरलेले जर्मन अंश मिळतात: 360 मिलिग्रॅम म्हणजे साधारण 20 अंश. पट्टी नसेल तर स्वयंपाकघरातील साक्षही चालते. तूरडाळ शिजायला एरवीपेक्षा जास्त शिट्ट्या लागू लागल्या आणि आंघोळीचा साबण फेसाऐवजी चिकट साय सोडू लागला, की पाणी जड झाले आहे.

टीडीएस मीटरवर विसंबू नये. पाण्याचे शुद्धीकरण यंत्र विकणारे लोक तो मीटर बुडवून आकडा दाखवतात आणि ग्राहक त्यालाच कठीणपणा समजतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार. त्यात साधे मीठही आले. खाडीलगतच्या बोअरचे पाणी मचूळ असते, त्यात सोडियमचे क्षार भरपूर असतात, आणि सॉफ्टनर ते काढू शकत नाही, कारण त्याचे काम फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमची अदलाबदल करण्याचे आहे. अशा पाण्याचे थेंब सुकले की पुसट डाग उरतातच. तिथे रिन्स एडची, म्हणजे भांड्यांवरून पाणी निथळावे म्हणून शेवटच्या विसळणीत सुटणाऱ्या द्रवाची, मात्रा वाढवणे आणि भांडी पूर्ण सुकण्याची वाट न पाहता पेले कापडाने पुसून घेणे, एवढेच हातात राहते.

सेटिंग बदलण्याआधी झाक कसली आहे, हे ठरवावे. एका पेल्यावर लिंबाची फोड चोळून दोन मिनिटांनी धुवावे. झाक गेली तर ती क्षाराची आहे. झाक गेली नाही, पेला इंद्रधनुषी दिसू लागला किंवा बारीक ओरखडे आल्यासारखा धुरकट राहिला, तर काचेचा पृष्ठभाग झिजला आहे. ते नुकसान भरून निघत नाही. अशी झीज उलट कारणाने होते: सौम्य पाणी, सॉफ्टनर वरच्या सेटिंगवर, पावडर जास्त आणि तापमानही जास्त. पावसाळ्यात धरणाचे पाणी येऊ लागल्यावर सेटिंग पुन्हा खाली आणावी असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठीच. तिसरी शक्यता अशी की झाक जिभेला खारट लागते. मग मिठाच्या टाकीचे झाकण सैल आहे किंवा त्याच्या आट्यात मिठाचा खडा अडकला आहे.

मीठ डिशवॉशरसाठीचेच घ्यावे. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, आणि बाजारातल्या खडेमिठात मातीचे कण असतात; दोन्हींमुळे रेझिन खराब होते, आणि सॉफ्टनर बदलण्याचा खर्च मिठात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. मीठ नेहमी यंत्र लावण्याच्या अगदी आधी भरावे, कारण कडेने सांडलेले मिठाचे पाणी तसेच राहिले तर स्टीललाही गंजाचे ठिपके पडतात. ‘सर्व काही एकाच गोळीत’ असा दावा करणाऱ्या गोळ्या साधारण 21 जर्मन अंशांपर्यंतच्या पाण्याला पुरतात. त्याहून जड पाण्यात गोळीसोबत मीठही हवेच. आत साचलेला जुना क्षार काढण्यासाठी रिकाम्या यंत्रात 100 ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व घालून गरम पाण्याचा कार्यक्रम चालवावा. व्हिनेगर वारंवार वापरू नये, त्याने रबर कडक होते. ब्लीच तर वापरूच नये.

पांढरी झाक नसून भांडी तेलकट किंवा खरखरीत निघत असतील, तर भांड्यांवर पाणी फवारणारे फिरते पंखे पाहावेत. आपल्या फोडणीतील मोहरीचा दाणा पंख्याच्या छिद्रात नेमका बसतो. ओल्या खोबऱ्याचा कीस, कोथिंबिरीच्या काड्या आणि चिंचेचे धागे फिल्टरच्या कडेने निसटून पंख्यात जातात आणि तिथून बाहेर पडत नाहीत. पंखा काढून नळाखाली धरावा, हलवून आत काही वाजते का ऐकावे, आणि छिद्रे दात कोरण्याच्या काडीने आतून बाहेर साफ करावीत. सुईने किंवा तारेने छिद्र मोठे झाले तर फवाऱ्याची दिशा बदलते. कणकेची परात आणि भाताचे पातेले आत ठेवण्यापूर्वी पाण्याने विसळून घ्यावे, कारण कणीक गरम पाण्यात शिजून चिकटते. पाण्याखाली घासून धुण्याची मात्र गरज नाही. तसे करायचे तर यंत्र कशाला घेतले, असा प्रश्न मी ग्राहकांना विचारतो. ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई काळी पडते, पितळ आणि कल्हईची भांडी निस्तेज होतात; ती हातानेच घासावीत. उभी ठेवलेली मोठी ताटे किंवा कढईचा कान पावडरच्या कप्प्याचे झाकण अडवत असेल तर गोळी अर्धवट राहते, आणि लोक त्याला कप्प्याचा बिघाड समजतात.

गोळी कप्प्याबाहेर पडूनही विरघळत नाही, भांडी शेवटी गार निघतात आणि तेल तसेच राहते, अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर हीटरचा संशय घ्यावा. 1800 ते 2400 वॅटचे हे यंत्र 230 व्होल्टवर 8 ते 10 अँपिअर वीज घेते, म्हणून त्याला अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. 6 अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवलेल्या यंत्रांचे वितळलेले प्लग मी पाहिलेले आहेत. प्लग कोमट होत असेल तर त्या दिवसापासून यंत्र बंद ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ज्यांना मल्टिमीटर वापरता येतो त्यांनी प्लग काढून हीटरचा रोध मोजावा: 2000 वॅटच्या हीटरला सुमारे 26 ओहम यायला हवेत. अनेक नव्या यंत्रांत हीटर पंपाच्या आतच असतो. तिथे घरी हात घालू नये. यंत्र लावल्यावर काही मिनिटांनी, पाणी गरम होऊ लागताच, घरातील ईएलसीबी (वीज झिरपल्यास पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) पडत असेल तर हीटरमधून वीज झिरपत आहे असे समजावे. अशा वेळी ईएलसीबीच ‘नाजूक’ आहे असे म्हणून तो काढून टाकणारा इलेक्ट्रिशियन भेटला, तर त्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

वास येणे आणि प्लॅस्टिकचे डबे ओले राहणे यांत फार काही नाही. वासासाठी फिल्टर दर आठवड्याला धुवावा आणि दाराच्या खालच्या कडेचा चिकट थर पुसावा. प्लॅस्टिक स्टीलसारखी उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे ते ओले राहणारच. कार्यक्रम संपल्यावर दार थोडे उघडे ठेवावे.

आता बोर्डाबद्दल. आपल्या दमट हवेत, विशेषतः ड्राय बाल्कनीत पावसाची झड आत येत असेल तर, बोर्डावरचे जोड हिरवे पडतात. उबेसाठी झुरळेही तिथे शिरतात आणि त्यांच्या विष्ठेमुळे बोर्ड शॉर्ट होतो. त्यामुळे मिस्त्रीचे निदान अशक्य कोटीतले नाही, पण ते पाहून केलेले असावे. त्याला पुन्हा बोलावल्यास बोर्ड बाहेर काढून जळालेली किंवा गंजलेली जागा दाखवायला सांगा, आणि पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध तुमच्यासमोर मोजायला सांगा. तो काही हजार ओहम असायला हवा, मीटरवर जोड तुटलेला दिसला तर व्हॉल्व्ह बदलावा लागेल आणि तो भाग बोर्डाच्या तुलनेत स्वस्त आहे. बदललेला जुना भाग स्वतःकडे मागून घ्या आणि बिलावर नव्या भागाचा क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्या.

तुमच्यासाठी कामाचा क्रम मी असा लावेन: आज निचरा पाईप वर बांधा, जाळी साफ करा, रात्री ज्या वेळी यंत्र थांबते त्या वेळी बादली लावून पाहा आणि बूस्टरची वेळ विचारा. पट्टीने पाणी मोजून सॉफ्टनरची सेटिंग वाढवा, आणि पेल्यांवरचा फरक पाहण्यासाठी मध्ये किमान चार-पाच वेळा यंत्र चालू द्या, कारण मणी ताजे व्हायला तेवढा अवधी लागतो. तोपर्यंत यंत्र दुपारी लावत जा. इतके करूनही पाण्याचा पुरेसा दाब असताना नळाचे चिन्ह आले, तर मला यंत्राचा मॉडेल क्रमांक, चिन्ह कोणत्या टप्प्यावर येते आणि त्या वेळी पाणी आत येण्याचा आवाज ऐकू येतो की नाही, एवढे कळवा.